शेवटच्या पिंपावरची साय

आमच्या घरात एक पद्धत आहे. पिवळी वाइन पेल्यात पडली की टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस बोलेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. त्या टोकाला आधी आजोबा बसायचे, मग बाबा, आणि बाबा गेल्यापासून माझा थोरला भाऊ आरिस्तीद. एकदा साक्षात बिशप जेवायला आले होते, तेही बिचारे पेला हातात धरून गप्प बसले होते. मी तर जन्मभर गप्प बसत आले आहे, आणि मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, हे काही सोपं काम नाही.

त्या डिसेंबरात मात्र मला पहिल्यांदाच वाटलं, की दादा बोललाच नाही तर किती बरं होईल.

झालं असं, की द्राक्षांची सगळी कामं आटोपली होती, आणि दादा माळ्याच्या जिन्यावरून पडला. ह्या वयात लाकडी बुटांनी जिना चढू नकोस म्हणून मी कानीकपाळी ओरडत असते, पण ऐकतो कोण? डोक्याची मागची बाजू दगडी पायरीवर आपटली. त्याला बेझाँसाँच्या हॉस्पिटलात नेलं. त्याचा मुलगा रेमी तिथंच त्याच्याजवळ राहिला. घरात उरलो आम्ही दोघी, मी आणि रेमीची बायको सोलांज.

सोलांज बुर्गोन्यची. म्हणजे इथून खाली उतरायचं, ब्रेसचा सपाट मुलूख ओलांडायचा की आलंच तिचं माहेर. तिथंही द्राक्षं, तिथंही पिंपं, तिथंही आपण फार शहाणे असं मानणारे म्हातारे. फरक एवढाच, की तिकडे पिंपातली वाइन जरा खाली गेली की लगेच वरून भरतात. रिकामी जागा दिसली की त्यांच्या जिवाची घालमेल होते. सोलांजचे वडील रोज सकाळी झारी घेऊन पिंपांवरून फिरतात, आणि ही पोर चालायला लागल्यापासून त्यांच्या मागे.

आमचीही साधी पांढरी वाइन आम्ही तशीच भरतो. पिवळीचं उलटं. ती पिंपात घालायची आणि सहा हिवाळे तिच्याकडे पाठ फिरवायची. ती आटते, खाली जाते, जाऊ द्यायची. वर मोकळी जागा होते आणि तिथं साय धरते, तापवलेल्या दुधावर धरते तशीच, फक्त करडी आणि नाजूक. त्या सायीखाली वाइनला अक्रोडाचा वास येतो, मेथीच्या दाण्यांचा येतो, आणि आणखी कसला येतो ते दादालाच सांगता येतं. पिंप हलवायचं नाही, ठोकायचं नाही, वरून थेंबभरही ओतायचं नाही. चाखायची झाली तर पिंपाच्या पोटाला खाली लाकडी तोटी असते, तिच्यातून जरा काढायची.

पिवळीची पिंपं माळ्यावर असतात. साधीची तळघरात. फक्त एक पिंप सोडून.

सहा वर्षांपूर्वीच्या एप्रिलात इतकं हीव पडलं, की वेलींवरचे कोंब एका पहाटेत काळे पडले. त्या साली पिवळीसाठी म्हणून जे काही हाताला लागलं ते एका पिंपात मावलं. दादानं ते माळ्यावर चढवलंच नाही. तळघरात साध्या वाइनच्या रांगेच्या शेवटी, खिडकीखाली ठेवलं, का तर त्याला येता-जाता बघता यावं म्हणून. ह्या नाताळच्या आधी ते उघडायचं होतं. सहा वर्षं दादा त्या पिंपाजवळून जाताना आवाज खाली करायचा. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सोलांज लग्न होऊन आली त्याला दोन वर्षं झाली होती. तळघरात ती रेमीबरोबर जायची, आणि शेवटचं पिंप रेमी न बोलता सोडून द्यायचा.

गुरुवारी सकाळी मी बटाटे आणायला तळघरात उतरले, तर जिन्यातच मला अक्रोडाचा वास आला. असा भरभरून वास बंद पिंपातून कधी येत नाही. 

सोलांज एका पालथ्या खोक्यावर बसली होती. मांडीवर झारी. शेवटच्या पिंपाचं बूच काढून बाजूला ठेवलेलं.

"आत्या," ती म्हणाली, "ह्याच्यावर साय होती का?"

"होती का म्हणजे?"

मी जवळ गेले.

"किती ओतलीस?"

"दोन झाऱ्या. दुसरी थोडी राहिलीय."

"अगं बये, डोळे कुठं गेले होते तुझे?"

"मी रांगेनं भरत आले. हे ठोकून बघितलं तर पोकळ वाजलं. मला वाटलं, बाबा पडले त्या गडबडीत हे राहूनच गेलं. वाईट वाटलं मला."

"पिंपाचं वाईट वाटलं?"

"आमच्याकडे वाटतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "दोन झाऱ्या गेल्या तरी भरेना, म्हणून वाकून बघितलं. तेव्हा वास आला, आणि कळलं."

मी टॉर्च घेऊन बुचाच्या भोकातून आत पाहिलं. साय फाटली होती. तिचे तुकडे वाइनवर तरंगत होते, काही बुडत होते. पिंप एकदा वरून भरलं की त्याला पिवळी म्हणता येत नाही. कायद्यानं तर नाहीच, आणि ह्या गावात लाजेखातरही नाही. त्या वर्षाचं आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

खरं सांगते, मला पिंपापेक्षा दादाची जास्त धास्ती वाटली. लग्नानंतर पहिल्याच दिवशी त्यानं सोलांजला सांगितलं होतं, "पोरी, घर तुझं आहे. तळघरात मात्र विचारून हात लावायचा." त्यावरून दोघांत धुसफूस चालूच होती. आता हे कळलं की तो तिला तळघराची पायरी चढू-उतरू देणार नाही. आणि पिंपांना हात लावायचा नाही असं म्हटलं तर ती पोर इथं करणार काय, माझ्याबरोबर मोजे विणणार?

तीच म्हणाली, "मी जाईन आत्या. माझ्या बाबांकडे. रेमी काय करेल ते मला माहीत नाही."

मला माहीत होतं. रेमी तिच्यामागून जाईल. मग एवढ्या घरात मी आणि दादा, दोन म्हातारी, आणि माळ्यावर पिंपं. पुढचं मला बघवेना.

त्याच दुपारी रेमीचा फोन आला.

"आत्या, रविवारी बाबांना घेऊन येतोय. डॉक्टर म्हणाले, जिना चढायचा नाही, दगदग नाही, डोक्याला ताप तर अजिबात नाही."

"आणि तो काय म्हणतोय?"

"आश्चर्य म्हणजे शहाण्यासारखे वागतायत. ताटात येईल ते निमूट खातात. सूप आलं सूप, उकडलेली गाजरं आली गाजरं. एका शब्दानं तक्रार नाही."

"अजून बरा नाहीये तो मग," मी म्हणाले.

"हो, आणि त्यांनी निरोप दिलाय. रविवारी कोंबडी कर म्हणाले, अळंबीची. आणि तिच्याबरोबर शेवटच्या पिंपातली चाखायचीय."

मी फोन ठेवला.

दादाचं नाक काय चीज होतं हे बाहेरच्याला सांगून खरं वाटणार नाही. एका बारशाला शेजाऱ्यानं पेला पुढं केला, तर दादा म्हणाला, ही तुझ्या उत्तरेकडच्या भिंतीजवळच्या पिंपातली, आणि त्या भिंतीला ओल आलीय. शेजाऱ्यानं जाऊन बघितलं तर खरंच ओल. मी केकमध्ये गेल्या वर्षीचे अक्रोड घातले तर तो दारातूनच ओरडायचा. माणसं आपली वाइन त्याच्यापुढं ठेवताना परीक्षेला बसल्यासारखी घाम पुसायची. अशा माणसापुढं दोन झाऱ्या पाणचट ताजी वाइन मिसळलेलं पिंप ठेवायचं होतं.

आम्ही दोघींनी तोटीतून जराशी काढून चाखली. अक्रोड होता, पण शेजारच्या खोलीत कुणी बोलावं इतकाच. वर सगळं कच्चं सफरचंद.

"मामेभावाच्या पिंपातली एक जग भरून आणू का?" मी विचारलं.

"बाबांना कळेल."

"कळेल," मी म्हणाले. नुसतं कळणार नाही, पिंप कुठल्या कोपऱ्यात उभं आहे तेही कळेल.

"मी सांगूनच टाकते, आत्या."

"आणि त्याच्या डोक्यातली शीर तटकन तुटली म्हणजे? डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? आणि रेमीपाशीही बोलू नकोस. त्याच्या पोटात काही राहत नाही, सगळं तोंडावर दिसतं."

शुक्रवार-शनिवार आम्हाला कसे गेले ते आमचं आम्हालाच ठाऊक. सोलांज तासातासाला चवड्यांवर चालत खाली जायची, बाळंतिणीच्या खोलीत जावं तशी. साय परत धरतेय का बघायची. शनिवारी संध्याकाळी ती वर येऊन म्हणाली, "कडेला जरासं पांढरं दिसतंय." मी टॉर्च घेऊन गेले, मला काही दिसलं नाही. तिला हो म्हणाले. मी कोंबडी आणली, वाळवलेली अळंबी भिजत घातली, आणि भिजवलेलं पाणी गाळायच्या ऐवजी ओतून दिलं. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. परत दुसरी भिजवली.

रविवारी गाडी दारात लागली. दादा बारीक झाला होता, डोक्याला पट्टी. रेमीच्या खांद्याला धरून आत आला आणि चुलीशेजारच्या आपल्या खुर्चीत बसला. सोलांजनं पुढं होऊन त्याच्या गालाला गाल लावले. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काय गं, आजारी मी पडलो होतो की तू?" दादा म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "एर्मांस, जेवायला काय केलंयस?"

कोंबडी त्याच्यापासून हातभरावर शिजत होती आणि झाकण मी नुकतंच काढलेलं होतं. मला वाटलं चेष्टा करतोय.

"गाजरं उकडलीत," मी म्हणाले. "आता सवय झालीय ना तुला."

तो हसला. पण जरा उशिरा हसला.

मी सॉस ढवळायला घेतला. क्रीम घातलं, त्यात पिवळी ओतली, चांगली, माळ्यावरच्या जुन्या पिंपातली. लक्ष सगळं सोलांजकडं. ती रेमीच्या शेजारी उभी राहून टेबलावर काटे लावत होती आणि एकच काटा तिनं तीनदा सरळ केला. तेवढ्यात सॉस खाली लागला. धूर नाही निघाला, पण करपल्याचा वास खोलीभर झाला. रेमीनं वळून पाहिलं. मी पटकन भांडं उतरवलं आणि दादाकडं चोरून बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. देव पावला, मी मनात म्हटलं. वरचा वरचा सॉस दुसऱ्या भांड्यात काढला आणि खालचा मोरीत घातला.

सगळे टेबलाशी बसलो. दादा टोकाला.

"चला, आणा ती," तो म्हणाला.

मी उठायला लागले. जग मी भरून आणायचा असं आमचं ठरलं होतं.

"तू बस. सोलांज आणेल."

दोन वर्षांत त्यानं तिला पिवळीच्या तोटीला हात लावू दिला नव्हता, आणि आज सुचलं. ती माझ्याकडं बघत उठली. ती खाली गेली तेव्हा तिची पावलं मला प्रत्येक पायरीवर ऐकू येत होती. रेमी मजेत होता. "बाबा, सहा वर्षं झाली," म्हणाला. दादानं मान हलवली आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं अशक्तपणा असेल.

सोलांज जग घेऊन आली. तिनंच ओतली, आधी दादाला, मग आम्हाला. सगळे गप्प झाले. कोंबडी ताटात, कोंते चीजचे तुकडे आणि अक्रोड लाकडी फळीवर, आणि आम्ही तिघं हात मांडीवर ठेवून.

दादानं पेला उजेडात धरला. फिरवला. नाक आत घातलं आणि डोळे मिटले. एरवी तो एकदाच वास घेतो. त्या दिवशी त्यानं घेतला, पेला खाली केला, पुन्हा घेतला, पुन्हा फिरवला, आणखी घेतला. माझा जीव नुसता टांगणीला. आता ओरडेल, आता पेला आपटेल, आता त्याच्या कपाळावरची शीर फुगेल. मग त्यानं एक घोट तोंडात घेतला, फिरवला आणि गिळला.

"आलाय," दादा म्हणाला. "अक्रोड आलाय. झकास."

सुटलो. रेमीनं हसत पेला उचलला, नाकाशी नेला, आणि त्याचं हसू तिथंच थांबलं. त्यानं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तोंड उघडणार एवढ्यात मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली.

लाथ घातली आणि मग मला कळलं.

रेमीला कळलं होतं. एका वासात कळलं. ज्याच्या नाकाला दादा जन्मभर हसत आला, त्या रेमीला. आणि दादा म्हणत होता झकास. करपलेला सॉस आठवला. हातभरावरची कोंबडी आठवली. हॉस्पिटलातली गाजरं. तीन दिवस मी देवाकडं मागत होते, त्याला कळू नये म्हणून, आणि त्याला कळलं नव्हतं. आता मला वाटत होतं, त्यानं पेला आपटावा. आम्हाला घरातून हाकलावं. काहीही करावं, पण हे नको.

"बाबा," सोलांज म्हणाली. ती उभी राहिली होती.

"बस खाली," मी म्हणाले.

"नाही आत्या." ती दादाकडं वळली. "बाबा, अक्रोड आलेला नाहीये. होता. मी घालवला. मी त्या पिंपात दोन झाऱ्या साधी ओतली. मला माहीत नव्हतं. साय फाटली. सगळं कच्च्या सफरचंदासारखं लागतंय."

रेमीनं डोक्याला हात लावला. दादा तिच्याकडं बघत राहिला. मी त्याच्या कपाळाकडं बघत होते, शिरेकडं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. उलट डोळ्यांत एकदम उजेड आला.

"म्हणजे त्यात वास नव्हताच?" तो म्हणाला.

"फार थोडा होता, बाबा."

"तूच घालवलास?"

"हो."

"खरं सांगतेस? मला बरं वाटावं म्हणून नाही ना?"

"नाही हो, बाबा."

"अरे देवा," दादा म्हणाला आणि चक्क हसला. मग भराभर बोलायला लागला. "हॉस्पिटलात कशाचाच वास येईना. म्हटलं, ते सूपच तसलं. गाडीत बसलो, म्हटलं घरी गेल्यावर येईल. घरी चुलीशेजारी बसलो, काही नाही. म्हटलं, ह्या पिंपाचा आला नाही तर मग संपलंच. म्हणून घाबरून झकास म्हणालो. आणि तू म्हणतेस पिंपच बिघडलंय! मग माझं नाक कशाला बिघडलेलं असेल? रेमी, जा, लग्नातली बाटली आण. तुझ्या लग्नातली. पळ."

करपलेल्या सॉसबद्दल मी सांगू शकले असते. सांगितलं नाही.

रेमीनं बुटकी, रुंद खांद्यांची बाटली आणली आणि बूच काढलं. पेल्यात ओतायच्या आधीच अक्रोड खोलीभर पसरला. मेथी, लोणी, जुनं लाकूड, सगळं. इतका, की मला दादाकडं बघायची हिंमत होईना. मी ताटातल्या कोंबडीकडं बघत बसले.

दादानं पेला घेतला. नाक आत घातलं. किती वेळ तो तसाच होता कुणास ठाऊक. रेमी रडत होता, आवाज न करता. मी बघितलं तेव्हा दादानं पेला नाकापासून काढला होता आणि त्याच्या डोळ्यांतला तो उजेड गेला होता. तो म्हातारा दिसत होता. माझ्याहून कितीतरी म्हातारा.

त्यानं पेला टेबलावरून पुढं सरकवला. माझ्याकडं नाही, रेमीकडं नाही. सोलांजपुढं.

"खरं बोलणारी तू एकच आहेस इथं," तो म्हणाला. "बोल."

"बाबा, तुमच्या आधी?"

"बोल म्हणतो ना."

तिनं डोळे पुसले, चीजची फळी बाजूला केली आणि पेल्यात नाक घातलं. दादानं डोळे मिटले आणि मान तिच्याकडं कलती केली, ऐकू कमी येणारा माणूस करतो तशी.

"अक्रोड," सोलांज म्हणाली.

"हिरवा की वाळलेला?" दादानं विचारलं.